अर्जिओपी कसा ओळखायचा : रंग सर्वांत शेवटी बघा

प्रश्न थोडक्यात असा होता: चिपळूणजवळ घराच्या परसात, घायपाताच्या दोन पानांमध्ये एक मोठे गोल जाळे आहे. मधोमध पांढऱ्या नागमोडी रेघांची फुली, आणि त्या फुलीवर पाय ताणून बसलेली पिवळ्या पट्ट्यांची कोळीण. मोबाईलवरच्या ॲपने एकाच कोळिणीच्या तीन फोटोंना तीन नावे दिली: अर्जिओपी अनसूजा, अर्जिओपी पुल्केला आणि चक्क नेफिला. खात्रीने कसे ठरवायचे? फुली हाच पुरावा धरायचा का? जाळ्याच्या कडेला चांदीच्या मण्यांसारखे बारीक कोळी आहेत, ती तिची पिल्ले का? आणि चावली तर?

आधी सरळ उत्तर देतो. तुमची कोळीण अर्जिओपी आहे, नेफिला नाही. (अर्जिओपी आणि नेफिला या कोळ्यांच्या दोन प्रजाती, म्हणजे अनेक जातींचे गट; अनसूजा आणि पुल्केला या अर्जिओपीतल्या जाती.) हे तुमच्या वर्णनावरून आणि त्या कडेने काढलेल्या फोटोवरून मी न अडखळता सांगू शकतो. ती अनसूजा की पुल्केला, हे मात्र पाठीच्या फोटोवरून मी सांगणार नाही आणि ॲपनेही सांगायला नको होते. पाठीवरचे पिवळे पट्टे बघून जात सांगायची सवय आपल्याकडे फार आहे. त्या पट्ट्यांची रुंदी आणि गडदपणा वयानुसार, शेवटची कात टाकून किती दिवस झाले त्यानुसार आणि पोट किती भरले आहे त्यानुसार बदलतो. उपाशी मादी आणि अंड्यांनी टचटचलेली मादी शेजारी ठेवली तर नवखा माणूस दोन जाती सांगेल. म्हणून कोळी ओळखताना माझा क्रम ठरलेला आहे: आधी बसण्याची ढब, मग डोके, मग पोटाची खालची बाजू, आणि रंग सर्वांत शेवटी.

फुलीचा प्रश्न आधी उरकून टाकू, कारण लोक तिथेच अडकतात. जाळ्यातल्या या नक्षीला शास्त्रात स्टॅबिलिमेंटम म्हणतात. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच अभ्यासक यूजीन सिमॉनला वाटले की याने जाळे पक्के होत असावे, म्हणून ते नाव पडले. पण ही पट्टी जाळ्याच्या धाग्यांवर सैलशी घातलेली असते, तिच्यावर ताण असा फारसा येत नाही. ती नक्षी असली की अर्जिओपी, असे समीकरण मांडू नका. सायक्लोसा हा छोटा कोळी जाळ्याच्या मधोमध कचरा आणि भक्ष्याच्या सालपटांची उभी माळ लावतो, काही जाती त्यात रेशमाचीही नक्षी घालतात. युलोबोरस तर वेगळ्याच कुळातला, त्याला विषग्रंथीच नसतात, आणि तोही रेशमी पट्टे विणतो. काटेरी पाठीचा गॅस्टरकँथा धाग्यांवर पांढरे पुंजके लावतो. उलट बाजूने बघा: प्रौढ अर्जिओपी मादी कित्येकदा फुलीचे दोनच हात घालते, कधी एकच, कधी काहीच नाही. आणि तिची लहान पिल्ले बहुधा फुली घालत नाहीत, ती जाळ्याच्या मध्यावर नागमोडी धाग्यांची गोल चकती विणतात. ही चकती बघून हा कोणी वेगळा कोळी असावा म्हणून मला फोटो पाठवणारे दरवर्षी पावसाळ्यात भेटतात.

ही नक्षी कशासाठी, यावर शंभर वर्षांहून अधिक काळ वाद आहे आणि तो वाचायला मजेदार आहे. 1983 मध्ये थॉमस आइसनर आणि स्टीफन नोविकी यांनी दाखवले की पांढरी खूण असलेली जाळी पक्षी उडताना टाळतात, म्हणजे सकाळभर जाळे शाबूत राहते. 1990 मध्ये कॅथरीन क्रेग आणि गॅरी बर्नार्ड यांनी उलट बाजू मांडली: ही पट्टी अतिनील प्रकाश परावर्तित करते आणि कीटक तिच्याकडे ओढले जातात. पुढे 1999 मध्ये ब्लॅकलेज आणि वेन्झेल यांनी अमेरिकेतल्या अर्जिओपी ऑरँशियावर काम केले तेव्हा नक्षीवाल्या जाळ्यात भक्ष्य कमीच अडकलेले दिसले, पण पक्ष्यांचा उपद्रवही कमी झाला. मला स्वतःला सर्वांत पटणारी गोष्ट तिसरीच आहे, ती पुढे भक्ष्य गुंडाळण्याच्या संदर्भात सांगतो. तूर्त एवढेच की फुली दिसली तर अर्जिओपीचा संशय घ्या, निकाल देऊ नका.

आता ढब. अर्जिओपीची मादी दिवसाढवळ्या जाळ्याच्या मध्यावर बसते, पानाच्या सुरळीत लपत नाही. डोके खाली, पोट वर. आठ पाय जोडीजोडीने चिकटवून ठेवते, पहिला दुसऱ्याला, तिसरा चौथ्याला, त्यामुळे लांबून चारच पाय असल्यासारखे दिसतात. त्यात तिसरी जोडी सर्वांत आखूड असते. हे गोल जाळे विणणाऱ्या सगळ्याच कोळ्यांमध्ये दिसते, पण अर्जिओपीत पाय ताणलेले असल्याने लगेच लक्षात येते. डोके खाली का, तर खाली धावणे वर चढण्यापेक्षा जलद होते. म्हणूनच जाळ्याचा मध्य भूमितीच्या मध्यापेक्षा वर सरकलेला असतो आणि खालचा भाग मोठा असतो. तुमच्या फोटोत पट्टी धरून मोजलेत तर हा फरक दिसेल. बोट जवळ नेले तर ती दोनपैकी एक गोष्ट करते: जाळे जोरजोराने हिंदकळवते, इतके की ती धूसर दिसू लागते, किंवा मध्याभोवतीच्या फटीतून पलीकडच्या बाजूला जाते. फारच त्रास दिला तर धागा सोडत सरळ खाली पडते आणि गवतात पाय आखडून पडून राहते.

डोक्याकडे येऊ. खरी ओळख इथे आहे, आणि नेमके इथेच कोणी बघत नाही. कोळ्याचे शरीर दोन भागांचे: पुढचा शिरोवक्ष, मागचे पोट, आणि मधे दिसेल न दिसेल इतकी बारीक कंबर. अर्जिओपीच्या शिरोवक्षावरचे कवच चपटे असते आणि त्यावर रुपेरी पांढऱ्या केसांचा दाट थर असतो. उन्हात तो चमकतो. जुन्या मादीत हे केस झिजतात आणि खालचा तपकिरी रंग उघडा पडतो, म्हणून तेवढ्यावर विसंबू नका.

विसंबायचे ते डोळ्यांच्या मांडणीवर. आठ डोळे, चार-चारच्या दोन ओळी. ॲरानिडे या अर्जिओपीच्या कुळातल्या बहुतेक कोळ्यांत, वरून बघितले तर मागची ओळ सरळ असते किंवा तिची टोके मागे झुकलेली असतात. अर्जिओपीत याच्या बरोबर उलट: मागच्या ओळीतले कडेचे दोन डोळे बरेच पुढे सरकलेले आणि मधले दोन मागे राहिलेले, त्यामुळे ती ओळ ठळकपणे पुढे वळलेली कमान दिसते. हे लक्षण इतके भरवशाचे आहे की वाळलेला, रंग उडालेला, पोट फाटलेला नमुना हातात आला तरी एवढ्यावर तुम्ही ॲरानिडे कुळातल्या त्या एका छोट्या गटापर्यंत पोचता, ज्यात अर्जिओपी आणि तिची धाकटी नातलग गिआ येतात. गिआ लहान, मळकट रंगाची, झुडपांच्या तळाशी राहणारी. तुमच्या परसातल्या एवढ्या मोठ्या चमकदार मादीच्या बाबतीत तिचा विचार करायची गरज नाही.

डोळे बघायचे कसे? दहापट मोठे करून दाखवणारे साधे हातभिंग पुरते. कोळीण पारदर्शक डबीत अलगद घ्या, डबीत कापूस असा भरा की तिला फिरायला जागा उरणार नाही पण ती दाबली जाणार नाही, वरून बघा, आणि दहा मिनिटांत तिला तिच्याच जाळ्यावर परत सोडा. मोबाईलला लावायची मॅक्रो भिंग आता स्वस्तात मिळते, तिनेही काम होते. प्रकाश मात्र कडेने पडू द्या, सरळ वरून फ्लॅश मारलात तर रुपेरी केसांत डोळे हरवतात.

डोळ्यांखाली जबडे. एवढ्या देहाच्या मानाने अर्जिओपीचे जबडे लहान आहेत, आणि माझ्या मते या प्रजातीची सगळी रचना समजून घ्यायची किल्ली हीच आहे. नेफिलाचे जबडे जाड, बळकट असतात. जाळ्यात काही पडले की नेफिला आधी दंश करते, ते निपचित पडले की मग गुंडाळते. अर्जिओपी शक्य तिथे दूरच राहते. मी अनेकदा पाहिलेला प्रसंग सांगतो. जाळ्यात नाकतोडा आदळतो आणि लाथा झाडू लागतो. मादी धावत जाते, पण तोंड लावत नाही. ती पाठ फिरवते, पोटाचे टोक नाकतोड्याकडे करते आणि चौथ्या जोडीच्या पायांनी आळीपाळीने रेशीम ओढून त्याच्या अंगावर फेकते. एक धागा नव्हे, शेकडो अतिबारीक धाग्यांचा रुंद पांढरा पदर एकदम सुटतो. दोनतीन सेकंदांत नाकतोड्याचे मागचे पाय अंगाला जखडले जातात. मग पुढच्या पायांनी ती त्याला गरागरा फिरवते आणि पदरावर पदर चढतो. हालचाल थांबत आली की कुठे ती सावकाश वळते आणि एक लहानसा दंश करते, बहुधा पायाच्या सांध्यापाशी. त्यानंतरही लगेच खात नाही, बाजूला होते, पाय पुसते, आणि काही वेळाने गाठोडे तोडून मध्यावर घेऊन येते.

पतंग किंवा फुलपाखरू पडले तर मात्र हा क्रम उलटतो. त्यांच्या अंगावरचे खवले निघून येतात आणि ते चिकट धाग्यांवरून निसटू शकतात, तेव्हा गुंडाळत बसायला वेळ नसतो. म्हणून आधी दंश, धरून ठेवणे, आणि मग गुंडाळणे. भक्ष्य कोणते हे तिला दिसण्यावरून नव्हे तर जाळ्याच्या थरथरीवरून आणि स्पर्शावरून कळते. तिची नजर यथातथाच आहे, आठ डोळे असूनही.

हा जो पदर सुटतो तो ॲसिनिफॉर्म नावाच्या ग्रंथींतून येतो, आणि फुलीची नक्षीही याच ग्रंथींच्या रेशमाची असते. तिसरी गोष्ट म्हणालो ती ही: अर्जिओपीवरच्या प्रयोगांत असे दिसले आहे की भक्ष्य गुंडाळून या ग्रंथी रिकाम्या झाल्या की त्यानंतर मादी जाळ्यात जास्त नक्षी घालते. म्हणजे ज्या कोळिणीचे पोट आणि सुरक्षितता जलद गुंडाळण्यावर अवलंबून आहे, तिला या ग्रंथी सतत चालत्या ठेवाव्या लागतात, आणि नक्षी त्या कामाशी जोडलेली असावी. पक्ष्यांना इशारा, कीटकांना आमिष हे फायदे त्यावर येऊन बसले असतील. जातीजातीत उत्तर वेगळे निघणे यामुळे मला स्वाभाविक वाटते.

आता पोटाची खालची बाजू. अर्जिओपी जाळ्याच्या मध्यावर बसत असल्याने हे काम सोपे आहे. जाळ्याच्या मागे जा, आणि न पकडता तिचे पूर्ण पोट तुमच्यासमोर असते. बाग, घायपात, कुंपण यामुळे मागे जाता येत नसेल तर मोबाईल आत घालून फोटो घ्या. चारही जोड्यांच्या पायांच्या मुळांमध्ये छातीची ढाल दिसेल, गडद, आणि तिच्या मधून जाणारा फिकट पिवळसर पट्टा. त्यामागे पोट: गडद तपकिरी किंवा काळ्या रंगावर दोन उभ्या फिकट रेघा, कधी अखंड, कधी तुटक. पाठीवरचे रंग कितीही बदलले तरी खालची ही मांडणी अर्जिओपीत बरीच टिकून राहते. नवख्याला सांगण्यासारखे सर्वांत सोपे लक्षण मला विचाराल तर हेच.

त्या दोन रेघांच्या पुढच्या टोकाला, कंबरेजवळ, एक आडवी घडी आहे. तिच्या दोन्ही बाजूंना पुस्तकफुप्फुसांची एक जोडी. पातळ पदरांची चळत असते आत, त्यातून रक्त फिरते. बाहेरून फक्त दोन गुळगुळीत फिकट चकत्या दिसतात. हवा घ्यायला आणखी एक छिद्र मागे, रेशमाच्या नळ्यांच्या अलीकडे असते. आडव्या घडीच्या बरोबर मध्यावर प्रौढ मादीत एक कडक, गडद, उठावदार रचना असते, ती एपिजाइन. मादीचे जननद्वार. अर्जिओपीत साधारणपणे दोन खळगे आणि त्यांच्यामधून जाणारी एक भिंत अशी तिची घडण असते, पुढची कड त्यावर थोडी झुकलेली. त्या भिंतीची रुंदी, कडेचा आकार, खळग्यांची खोली यावर जाती वेगळ्या होतात. अनसूजा की पुल्केला याचा निकाल इथे लागतो. शेवटची कात टाकण्यापूर्वीच्या मादीत एपिजाइन तयार झालेली नसते, म्हणून अर्धवट वाढलेल्या मादीची जात सांगायची घाई करू नये.

पोटाच्या टोकाला रेशीम काढणाऱ्या नळ्यांच्या तीन जोड्या, म्हणजे स्पिनरेट. आत ग्रंथी सात प्रकारच्या, आणि प्रत्येकीचे काम ठरलेले. चौकट, आरे आणि मागे सोडत जायचा आधाराचा धागा मोठ्या ॲम्प्युलेट ग्रंथीचा. जाळे विणताना आधी घातलेली तात्पुरती चक्राकार रेघ लहान ॲम्प्युलेटची. चिकट चक्राचा लवचीक गाभा फ्लॅजेलिफॉर्मचा, आणि त्यावरचा डिंक ॲग्रिगेट ग्रंथींचा. धागा पानाला चिकटवायचा ठिपका पिरिफॉर्मचा. अंड्यांच्या पिशवीचे जाड रेशीम ट्युब्युलिफॉर्मचे, ते फक्त मादीच काढते. आणि सातवी ती ॲसिनिफॉर्म. वेगवेगळ्या रेशमांची एवढी विभागणी एका सेंटिमीटरच्या प्राण्यात मावते, याचे मला अजूनही नवल वाटते. नेफिलाशी तुलना करायची तर इथेही एक खूण आहे: अर्जिओपी चिकट चक्र घालत येताना ती तात्पुरती रेघ कापून काढते, नेफिला ती तशीच ठेवते, म्हणून नेफिलाच्या जाळ्यात चिकट वळणांच्या गटांमध्ये अधूनमधून एक कोरडी रेघ दिसते.

पायांबद्दल दोनच गोष्टी. टोकाला तीन नख्या असतात. मधली नखी आणि तिच्यासमोरचे दातेरी केस मिळून धागा पकडतात, म्हणून ती जाळ्यावर इतकी सहज चालते आणि सपाट फरशीवर धडपडते. दुसरे, पायाच्या दोन मुख्य सांध्यांना पाय सरळ करणारे स्नायूच नाहीत, रक्ताच्या दाबाने ते ताणले जातात. दाब गेला की पाय आत वळतात, मेलेला कोळी गोळा झालेला दिसतो तो यामुळे. तुमच्या एका फोटोत सात पाय आहेत, त्याने गोंधळू नका. 1983 मध्ये आइसनर आणि कॅमझिन यांनी अर्जिओपी ऑरँशियावर दाखवले की विषारी कीटकाने पायाला डंख केला तर कोळीण काही क्षणांत तो पाय मुळाशी तोडून टाकते आणि विष अंगात पसरण्याआधी वाचते. तुमच्याकडच्या मादीचा पाय गांधीलमाशीने गेला की पक्ष्याने, हे सांगता येणार नाही, पण सहा पायांनीही ती जाळे विणते.

नेफिला का नाही, हे आता एका दमात सांगता येते. आपल्याकडची नेफिला पिलिपेस, जिला लोक जायंट वुड स्पायडर म्हणतात, तिच्या मादीचे शरीरच तीन ते पाच सेंटिमीटर, पाय धरले तर तळहाताएवढी. पोट लांबट, दंडगोल. जाळ्याचे रेशीम उन्हात सोनेरी दिसते. मध्य बराच वर सरकलेला, फुली नाही. जबडे जाड, मागच्या डोळ्यांची ओळ अर्जिओपीसारखी पुढे वळलेली नाही. ॲपने एका फोटोला नेफिला म्हटले, कारण त्या फोटोत कोळीण कडेने दिसते आणि पिवळा-काळा रंग एवढेच त्याच्या हाती लागले.

बाकीचे सोबती: निओस्कोना संध्याकाळी जाळे घालते आणि बहुधा पहाटेपूर्वी खाऊन टाकते, दिवसा पानात दडते, तिच्या कवचावरची मधली खाच उभी असते. सायर्टोफोराचे जाळे आडवे, तंबूच्या छतासारखे, आणि त्यात चिकट धागा मुळीच नाही. ल्युकॉजचे पोट चांदीसारखे चमकते म्हणून तिला घाईत अर्जिओपी म्हणतात, पण ती टेट्राग्नॅथिडे कुळातली. तिचे जाळे तिरपे किंवा आडवे असते आणि मध्यावर मोकळे भोक असते, अर्जिओपीचा मध्य जाळीने भरलेला असतो. भिंगातून बघाल तर ल्युकॉजच्या चौथ्या पायाच्या मांडीवर लांब संवेदी केसांची रांग दिसते. अर्जिओपीला ती नसते.

आपल्याकडच्या जाती. अर्जिओपी ही प्रजात 1826 मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ ऑडुआँने मांडली, नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेतून आलेल्या सॅव्हिन्यीच्या चित्रांवरून. सॅव्हिन्यीचे डोळे कामातून गेले होते, म्हणून चित्रांचे स्पष्टीकरण लिहिण्याचे काम ऑडुआँकडे आले. जगात आज ऐंशीहून अधिक जाती मानल्या जातात. भारतात वारंवार भेटणाऱ्या चार. अर्जिओपी एम्युला आकाराने मोठी, पोट अंडाकृती, खांद्याचे कोन नाहीत, आणि फिकट पिवळ्या रंगावर पुष्कळ बारीक काळ्या आडव्या रेघा. ही एक पाठीवरूनही बऱ्यापैकी कळते. कॅटेन्युलाटा गवताळ रानात आणि भातशेतीत असते. अनसूजा आणि पुल्केला या दोघींचे पोट पंचकोनी, खांदे स्पष्ट, आडवे पिवळे आणि तपकिरी पट्टे. पुल्केलाचे वर्णन स्वीडनच्या थोरेलने 1881 मध्ये केले, अनसूजाचे त्यानेच 1887 मध्ये. अनसूजा सेशेल्सपासून पाकिस्तान, भारत, श्रीलंका, मालदीवपर्यंत आहे. पुल्केला भारतापासून चीन आणि जावापर्यंत. कोकणात दोघींची गाठ पडू शकते, तेव्हा ठिकाणावरून निकाल लागत नाही. भारतातल्या या कुळाची घडी बसवण्याचे मोठे काम कोळीतज्ज्ञ बी. के. टिकादर यांनी केले, आणि त्यातले बरेच पुण्यात, भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात बसून. त्यांच्या रेखाचित्रांत पाठीच्या चित्रासोबत एपिजाइनचे चित्र असायचेच, ते उगाच नव्हे.

नराबद्दल तुम्ही विचारले नाही, पण जात ठरवण्यात त्याचा वाटा मोठा आहे. नर चार-पाच मिलिमीटरचा, तपकिरी, सडपातळ, नजरेआड होणारा. तोंडाजवळचे दोन आखूड अवयव, म्हणजे पाल्प, प्रौढ नरात टोकाला फुगलेले असतात. वीर्य त्यांत भरून तो मादीच्या जाळ्याच्या कडेला थांबतो आणि एक धागा जोडून तो छेडत राहतो. समागमात पाल्पच्या टोकाची नळी, एम्बोलस, बहुधा तुटते आणि मादीच्या एपिजाइनमध्ये अडकून राहते, त्याने पुढच्या नराची वाट अडते. मादी त्याला बऱ्याचदा तिथेच गुंडाळून खाते. अर्जिओपी ऑरँशियात तर दुसरा पाल्प घातला की नर आपोआप मरतो, मादीने हात लावायच्या आधीच. फोलमर आणि फेअरबेर्न यांनी 2003 मध्ये हे प्रसिद्ध केले. जर्मनीच्या पीटर येगरने 2012 मध्ये याच तुटक्या तुकड्यांचा वर्गीकरणासाठी उपयोग केला: मादीत अडकलेला एम्बोलस कोणत्या नराचा हे बघून नर-मादीच्या जोड्या जुळवता येतात. संग्रहालयात वर्षानुवर्षे बाटलीत पडलेल्या माद्यांनाही हे लागू पडते, हे मला फार आवडले.

आणि ते चांदीचे मणी? ती पिल्ले नव्हेत, आणि नरही नव्हेत. ते अर्जिरोडिस, थेरिडिडे कुळातले चोर कोळी. पोट उंच, शंकूसारखे, आरशासारखे लखलखीत. ते अर्जिओपीच्या जाळ्याच्या कडेला आपले धागे बांधून राहतात, तिने बाजूला ठेवलेले लहान कीटक उचलतात, कधी तिच्या गाठोड्याला दुसऱ्या बाजूने तोंड लावतात. तिची खरी पिल्ले अंड्यांच्या पिशवीतून बाहेर पडल्यावर थोडे दिवस घोळक्याने राहतात आणि मग वाऱ्यावर धागा सोडून पांगतात, आईच्या जाळ्यावर संसार थाटत नाहीत.

चावण्याचे म्हणाल तर तिची भीती बाळगू नका. माणसाला अपाय करणाऱ्या कोळ्यांत अर्जिओपीची गणना होत नाही. मुठीत दाबली तर चावेल, थोडी आग होईल. परसात लहान मुले असतील तर त्यांना हात लावू नका म्हणून सांगा, तेही कोळिणीच्या काळजीने. तिचे खरे वैरी दुसरेच आहेत. कुंभारीण माशी कोळी बेशुद्ध करून आपल्या मातीच्या घरात कोंबते. भिंतीवरचे असे एखादे घर फोडून बघा, आत गोल जाळ्याच्या कोळ्यांची दाटी सापडेल.

आता काम तुमच्याकडे. ती मादी पूर्ण वाढलेली दिसते. जाळ्याच्या मागच्या बाजूने, सकाळच्या तिरप्या उन्हात, दोन फोटो काढा: एक पोटाची पूर्ण खालची बाजू दाखवणारा, दुसरा फक्त कंबरेमागच्या त्या आडव्या घडीचा, जितका जवळून जमेल तितका. शेजारी एखादी पट्टी धरलीत तर आकारही कळेल. एपिजाइनची मधली भिंत नीट दिसली तर मी जातीचे नाव सांगेन. धूसर आली तर नोंद फक्त "अर्जिओपी, मादी" अशी करा, ठिकाण आणि तारीख घाला, आणि जातीची जागा मोकळी सोडा.